माचू पिच्चू : पालखीतून की पायी?

मंडळी, अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्या मराठी पोरांची एक ठरलेली यादी असते. नायगारा होतो, ग्रँड कॅन्यन होतं, लास व्हेगास होतं (घरी फक्त कारंज्याचे फोटो जातात :) ). मग एखाद्या लाँग वीकेंडच्या आधी कुणीतरी पिल्लू सोडतं, "यंदा पेरू करूया का? माचू पिच्चू?" आणि पाच मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडतात.

एका तटाचं म्हणणं असं, की सुट्टी थोडी आहे, पाय दुखवून घ्यायचे नाहीत, सरळ गाडीने जाऊ. त्यातही हौस असेल तर 'हायरम बिंगहॅम' नावाची एक निळी-सोनेरी आलिशान गाडी आहे. १९२०च्या दशकातल्या पुलमन डब्यांच्या धर्तीवर सजवलेले डबे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण, मागच्या डब्यात बार आणि गाणारी-वाजवणारी मंडळी. दुसरा तट म्हणजे सह्याद्रीत वाढलेले. त्यांच्या मते चार दिवस चालून, खिंडी ओलांडून, पहाटे सूर्यद्वारातून खाली बघितलं नाही तर माचू पिच्चू बघितलं असं म्हणूच नये. गाडीने जाणारे ते पर्यटक, चालणारे ते प्रवासी.

या वादात गंमत अशी आहे की दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात : पायी जाणं म्हणजे 'अस्सल' आणि गाडीने जाणं म्हणजे पळवाट. गाडीवाले एवढंच म्हणतात, की आम्हाला अस्सलची हौस नाही. मला इतिहासाची खोड. त्यामुळे मला प्रश्न पडला तो वेगळाच. ज्याने हे गाव बांधलं तो स्वतः तिथे कसा जायचा?

उत्तर शोधायला गेलो आणि वादच उलटा झाला.

आधी जागा समजून घेऊ

माचू पिच्चू समुद्रसपाटीपासून २४३० मीटरवर आहे. इंकांची राजधानी कुस्को ३४०० मीटरवर. म्हणजे आपल्याला फोटो बघून वाटतं की हे सगळ्यात उंच टोकावर असेल, पण कुस्कोहून इथे येणं म्हणजे जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरणं. कुस्कोपासून वायव्येला, सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरवर, उरुबांबा नदीच्या एका तीव्र वळणाच्या वर, दोन शिखरांच्या मधल्या खोगीरासारख्या भागावर हे गाव वसवलंय. इथे अँडीज संपत येतो आणि अमेझॉनचं जंगल चढत येतं. ढग, पाऊस, ऑर्किड, सगळं भरपूर.

हे गाव बांधलं पाचाकुती या इंका सम्राटाच्या काळात. तो १४३८ च्या सुमारास गादीवर आला असं जुनी पुस्तकं सांगतात, आणि बांधकामाला १४५० नंतर सुरुवात झाली असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पण २०२१ साली येल विद्यापीठाच्या रिचर्ड बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या कबरींमधल्या २६ व्यक्तींच्या अवशेषांचं कार्बन डेटिंग प्रसिद्ध केलं. त्यावरून १४२० च्या सुमारास इथे वस्ती होती असं दिसतं. शेवट साधारण १५३०. शंभर-सव्वाशे वर्षं हे गाव नांदलं आणि रिकामं झालं.

आता, हे होतं काय? किल्ला? देवस्थान? विद्यापीठ? नेटवर शोधलंत तर परग्रहवासीयांपर्यंत सगळे पर्याय मिळतील. पण जॉन रो नावाच्या अभ्यासकाने १९९० साली सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश कागदपत्रांवर एक लेख लिहिला. त्यात १५६८ च्या एका दस्तऐवजाचा आधार होता. या दरीतल्या जमिनी पाचाकुतीच्या खाजगी मालकीच्या होत्या असं त्या कागदांवरून निघतं. त्यानंतर बर्गर आणि लुसी सालासार यांनी हा धागा पुढे नेला. आज बहुतेक अभ्यासक मानतात ते असं : ही राजाची खाजगी वाडी होती. कुस्कोत जून ते ऑगस्ट कोरडा हिवाळा, रात्री दहिवर गोठतं. अशा वेळी राजा, त्याचं कुटुंब आणि पाहुणे या उबदार दरीत येऊन राहायचे. देवळं होती, सूर्याची पूजा होती, पण मुळात ठिकाण राजेसाहेबांच्या हवापालटाचं.

थोडक्यात, रिसॉर्ट. :)

राजा चालत नसे

इंकांनी रस्ते बांधले ते जगात तोडीस तोड नाही असे. कापाक न्यान, म्हणजे राजमार्ग. आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत सहा देशांत पसरलेलं ३०,००० किलोमीटरहून मोठं जाळं. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. (माचू पिच्चूला तो मान १९८३ सालीच मिळाला होता.) हे सगळं चाकाची गाडी नसताना, घोडा नसताना, लोखंड नसताना, आणि आपण म्हणतो तशी लिपी नसताना. हिशेब ठेवायला दोऱ्यांच्या गाठी, म्हणजे किपू. निरोप न्यायला चास्की नावाचे धावपटू. ठरावीक अंतरावर चौकी, एका चौकीतून दुसरीपर्यंत धावायचं आणि तिथल्या ताज्या दमाच्या गड्याला तोंडी निरोप आणि किपू सोपवायचा. आपल्यातल्या नेटवर्किंगवाल्यांना लगेच ओळखीचं वाटेल : पॅकेट, राउटर, पुढचा हॉप. आणि वाटेवर तांबो, म्हणजे धर्मशाळा अधिक गोदाम, जिथे धान्य, कपडे, शस्त्रं भरून ठेवलेली.

पण हा रस्ता कुणीही उठून वापरायचा नाही. तो राज्याच्या कामाचा. सैन्य, चास्की, लामांचे तांडे, कामावर निघालेली माणसं आणि राजा. यातलं कोण चालायचं? राजा सोडून सगळे.

इंका सम्राट प्रवास करायचा तो पालखीतून. ती वाहण्याचा मान आणि भार रुकाना नावाच्या जमातीकडे होता असं जुने बखरकार लिहितात. भोयांची एक आख्खी जमातच म्हणा ना. पालखी हे नुसतं आरामाचं साधन नव्हतं. सूर्याचा मुलगा सामान्य माणसासारखा जमिनीवर चालत जातोय हे दृश्यच त्या राज्यात बसत नव्हतं.

याचा सगळ्यात भयंकर पुरावा मिळतो १६ नोव्हेंबर १५३२ चा. काहामार्का गावाच्या चौकात सम्राट आताहुआल्पा फ्रान्सिस्को पिझारोला भेटायला आला तो पालखीतून, आणि भोई होते ते खुद्द सरदार दर्जाचे लोक. स्पॅनिश लोकांनी दबा धरून हल्ला केला. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या स्पॅनिश शिपायांनीच लिहून ठेवलंय की पालखी खाली पडेना म्हणून त्यांनी भोयांचे हात तोडले, तरी ते खांद्यांवर पालखी तोलून उभे राहिले. एक पडला की दुसरा त्याच्या जागी यायचा. शेवटी पालखी कलंडली, राजा पकडला गेला आणि एका साम्राज्याचा शेवट सुरू झाला.

हे वाचल्यावर माचू पिच्चूच्या वाटेकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. चार दिवस दगडी पायऱ्या चढत, घाम गाळत जाणारा ट्रेकर कुणाच्या पावलांवर पाऊल ठेवतोय? राजाच्या नाही. ओझी वाहणाऱ्याच्या, निरोप्याच्या, कामकऱ्याच्या. आणि मऊ खुर्चीत बसून, कुणीतरी पेला भरत असताना, खिडकीतून नदी बघत येणारा पाहुणा? तो बिचारा नकळत पाचाकुतीच्या पाहुण्यांची परंपरा चालवतोय! म्हणजे 'अस्सल'च पाहिजे असेल तर आलिशान गाडीचा दावा निदान तितकाच पक्का आहे.

मग हे गाव होतं कुणाचं?

राजा वर्षातले काही आठवडे यायचा. मग बाकीचं वर्षभर इथे कोण राहायचं?

बिंगहॅमच्या मोहिमेत इथल्या कबरींतून पावणेदोनशेच्या आसपास लोकांचे सांगाडे मिळाले. त्यात मूठभर पुरुष, बाकी सगळ्या बायका, असं त्या काळच्या तपासणीत ठरलं, आणि त्यावरून 'सूर्यकन्यांचं शेवटचं आश्रयस्थान' अशी एक रम्य कथा तयार झाली. पुढे हाडांची नीट तपासणी झाली तेव्हा बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीचे निघाले. अँडीजमधली माणसं चणीने लहान, म्हणून मूळ तपासणाऱ्याचा अंदाज चुकला होता. कथा मात्र अजून गाईड सांगतात.

२०२३ साली यातल्या ३४ जणांच्या डीएनएचा अभ्यास 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आला. ही माणसं एका गावची नव्हतीच. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातली होती, किनाऱ्याकडची, उत्तरेची, दक्षिणेची, अगदी अमेझॉनच्या जंगलातलीसुद्धा, आणि एकमेकांच्या नात्यातली जवळजवळ कुणीच नव्हती. हे होते यानाकोना. राजघराण्याच्या कायमच्या चाकरीत दिलेली माणसं. घर, गाव, जमात सुटलेली. आपल्याकडे बंगळुरूच्या एका मजल्यावर पंजाबी, मल्याळी, मराठी, बंगाली एकत्र बसतात ना, तसं काहीसं. फरक एवढाच की त्यांना राजीनामा देता येत नव्हता.

आणि बांधलं कुणी? त्याचं उत्तर मिता. दर कुटुंबाने आळीपाळीने राज्यासाठी काही काळ काम करायचं, ही इंकांची करपद्धती. पैसा नव्हता, तेव्हा कर श्रमात. एक प्रकारची वेठच, पण कामाच्या काळात खाणं आणि मक्याची चिचा राज्याकडून.

त्या वेठीने काय उभं केलं ते बघितलं की इंजिनियर माणूस गप्प होतो. केनेथ राइट नावाच्या अमेरिकन सिव्हिल इंजिनियरने १९९० च्या दशकात पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो बालेन्सिया यांच्याबरोबर इथल्या पाण्याचा अभ्यास केला. वर्षाला जवळजवळ १९५० मिलिमीटर पाऊस, तीव्र उतार, खाली भेगाळलेला ग्रॅनाइट. पाचशे वर्षांत हे गाव घसरून नदीत जायला हवं होतं. गेलं नाही, कारण इथलं निम्म्याहून जास्त काम जमिनीच्या पोटात आहे असा राइट यांचा अंदाज. मजग्यांच्या मातीखाली रेती-खडी, त्याखाली मोठे दगड. पाणी साचतच नाही. चौकाखाली दगड घडवताना उडालेल्या कपच्यांचा थर. भिंतींमधून निचऱ्याच्या सुमारे १३० वाटा. डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा पाट, आणि त्यावर एकाखाली एक १६ कारंजी. झऱ्याचं पाणी ऋतूप्रमाणे मिनिटाला २३ ते १२५ लिटर, आणि पाटाची क्षमता ३०० लिटर. कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

आता यातली एक बारीकशी गोष्ट. पहिलं कारंजं राजाच्या निवासाला लागून आहे. ताजं पाणी आधी राजाला, मग पायरी-पायरीने बाकीच्यांना. राज्यघटना पाण्यात लिहिली आहे.

एक सोलचा शोध

१९११ च्या २४ जुलैला येलचा तरुण प्राध्यापक हायरम बिंगहॅम इथे पोचला, आणि 'हरवलेलं शहर सापडलं' अशी गोष्ट जगभर झाली. १९१३ च्या एप्रिलमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने अख्खा अंक यावर काढला. पण त्या दिवसाचं वर्णन बिंगहॅमने स्वतः लिहिलंय तेच वाचावं. मंदोर पाम्पा इथे मुक्काम. सकाळी पावसाची भुरभुर. सोबतचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणाला, नदीकाठी फुलपाखरं जास्त आहेत. डॉक्टर म्हणाला, मला कपडे धुवायचेत. (टीम आउटिंगचा अनुभव असणाऱ्यांना हे चांगलंच कळेल.) मग बिंगहॅम, एक पेरूवियन सार्जंट आणि वाट दाखवायला मेल्चोर आर्तेआगा नावाचा स्थानिक शेतकरी, असे तिघंच निघाले. आर्तेआगासुद्धा तयार नव्हता. चढ फार आहे, पाऊस आहे म्हणाला. बिंगहॅमने एक सोल देऊ केला. तिथल्या रोजंदारीच्या तीन-चारपट. मग निघाला.

वर पोचल्यावर 'हरवलेल्या' शहरात काय मिळालं? माणसं. रेचार्ते आणि आल्वारेस अशी दोन शेतकरी कुटुंबं चार वर्षांपासून तिथे राहून इंकांच्याच मजग्यांवर पिकं काढत होती. सरकारी अंमलदार इतक्या वर येत नाहीत, कराचा आणि लष्कराच्या भरतीचा ताप नाही, म्हणून. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली. आर्तेआगा गप्पा मारत तिथेच बसला आणि पुढे अवशेष दाखवले ते घरातल्या एका लहान पोराने.

आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेलं एक नाव होतं : लिसार्रागा, १९०२. आगुस्तिन लिसार्रागा हा याच दरीतला माणूस, नवीन जमीन शोधत नऊ वर्षं आधीच इथे आला होता. बिंगहॅमने आपल्या टिपणवहीत त्याचं नाव शोधकर्ता म्हणून नोंदवलंसुद्धा. लिसार्रागा १९१२ साली नदीत बुडून वारला. १९४८ साली बिंगहॅमचं 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' आलं तोवर हे नाव गोष्टीतून गळून गेलं होतं.

शिवाय बिंगहॅमचा निष्कर्षही फसला. तो शोधत होता विल्काबांबा, इंकांची शेवटची राजधानी, जी स्पॅनिश सैन्याने १५७२ साली घेतली. माचू पिच्चू म्हणजेच ती असं तो शेवटपर्यंत मानत राहिला. खरी विल्काबांबा होती एस्पिरितू पाम्पाच्या जंगलात, आणि गंमत म्हणजे १९११ साली तो तिथेही जाऊन आला होता! जंगलात बुडालेले थोडे अवशेष बघून परत फिरला. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉयने ती जागा विल्काबांबा म्हणून पुढे आणली.

बिंगहॅमला नुसता खोटा ठरवणं सोपं आहे, पण तेही बरोबर नाही. इतकी वर्षं स्थानिकांना माहीत असलेल्या जागेचं महत्त्व ओळखलं, मोजमाप केलं, फोटो काढले, जगापुढे ठेवलं ते त्यानेच. प्रश्न श्रेयाचा आहे. तिथून नेलेल्या हजारो वस्तू येलमध्येच राहिल्या, पेरूने २००८ साली अमेरिकन कोर्टात दावा लावला, २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११ पासून वस्तू परत आल्या. आज त्या कुस्कोच्या कासा कोंचा संग्रहालयात आहेत. जाणार असाल तर तिथे दोन तास काढाच.

तर आलिशान गाडीला नाव बिंगहॅमचं. आग्वास कालिएंतेस गावातून वर जाणाऱ्या नागमोडी रस्त्यालाही नाव त्याचंच. १९४८ साली त्याचं उद्घाटन झालं तेव्हा तो स्वतः हजर होता. वाट दाखवणाऱ्या त्या पोराच्या वाट्याला गोष्टीतलं एक वाक्य.

चालणाऱ्यांची पालखी

आता आपल्या दुसऱ्या तटाकडे येऊ. इंका ट्रेल म्हणतात तो साधारण ४३ किलोमीटरचा, चार दिवसांचा. रेल्वेच्या ८२ व्या किलोमीटरपासून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का खिंड, ४२१५ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाया. हवा विरळ. वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, विन्याय वायना असे एकाहून एक अवशेष, जे गाडीतून दिसत नाहीत. चौथ्या सकाळी इंतिपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, आणि समोर खाली ते चित्र. या वाटेचं कौतुक करणाऱ्यांचं चुकत नाही. गाव, रस्ता आणि डोंगर ही एकच रचना होती हे कळायला पायांसारखं साधन नाही.

पण आकडे बघा. या वाटेवर दिवसाला ५०० माणसांना परवानगी. त्यातले प्रवासी साधारण २००. उरलेले ३०० वाटाडे, स्वयंपाकी आणि पोर्टर. म्हणजे 'स्वतःच्या पायांवर' जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे दीड माणूस त्याचा तंबू, गॅस, भांडी, खुर्च्या पाठीवर घेऊन त्याच्या पुढे धावतोय, तो पोचायच्या आत चहा तयार पाहिजे म्हणून. हे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, केचुआ बोलणारे शेतकरी. ज्या मितावर हा रस्ता बांधला गेला, त्या लोकांचेच वंशज.

२००१ साली पेरूने पोर्टरांसाठी कायदा केला : ओझं जास्तीत जास्त २० किलो. त्याआधी याच्या दुप्पट ओझी वाहिल्याच्या हकिकती आहेत. आता नाक्यावर वजन होतं. तरी रोजी किती, झोपायला कोरडी जागा मिळते का, पायांत बूट आहेत की टायरच्या चपला, हे कंपनीगणिक बदलतं, आणि स्वस्तात स्वस्त टूर शोधणाऱ्यांच्या स्वस्ताईचा भार शेवटी कुणाच्या पाठीवर जातो हे सांगायला नको.

म्हणजे पालखी इथेही आहेच. फक्त तिचे भाग सुटे करून वेगवेगळ्या पाठींवर दिलेत.

आणि डोंगराचं काय?

आपण कसंही गेलो तरी जातो एकाच जागी. २०१९ साली सुमारे १५ लाख लोक तिथे आले. राजाच्या काळात गाव पूर्ण भरलं तरी साडेसातशेच्या आसपास माणसं असावीत असा अंदाज आहे. २०२४ पासून दिवसाची मर्यादा ४५००, आणि गर्दीच्या काही ठरावीक तारखांना ५६००. ठरवून दिलेल्या मार्गानेच फिरायचं, वेळेचं तिकीट. २००७ साली नव्या सात आश्चर्यांसाठी ताजमहालला एसेमेस करा म्हणून आपण शाळेत असताना केवढा गलका होता, आठवतंय? माचू पिच्चू त्याच यादीत निवडून आलं. आता ते यश सांभाळता सांभाळता नाकी नऊ येताहेत.

दगडांना पावलं झिजवतात. २००० साली एका बियरच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये क्रेन पडून इंतिवाताना या पवित्र शिळेचा टवका उडाला, ती शिळा जिला स्पॅनिश सैन्याचाही हात लागला नव्हता. २०१० च्या जानेवारीत पुराने रेल्वे वाहून गेली, हजारो पर्यटक खाली गावात अडकले, हेलिकॉप्टरने काढावे लागले. २०२४ च्या जानेवारीत तिकीटविक्री खाजगी कंपनीकडे देण्याविरुद्ध गावकऱ्यांनी रेल्वे रोखली. वाट एकच, आणि तिच्यावर अख्ख्या दरीचं पोट.

याउलट एक दृश्य. २०२० मध्ये कोविडमुळे सगळं बंद असताना एक जपानी तरुण सात महिने खालच्या गावात अडकून पडला होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये सरकारने त्याच्या एकट्यासाठी दार उघडलं. राजानंतर इतकं शांत माचू पिच्चू दुसऱ्या कुणी पर्यटकाने पाहिलं असेल का, शंकाच आहे!

मग जायचं कसं?

माझं मत विचाराल तर 'अस्सल कुठलं' हा प्रश्न सोडून द्या. रायगडला १९९६ पासून रोपवे आहे. गुडघे गेलेली आजी त्यातून वर जाऊन जगदीश्वराला हात जोडते, तेव्हा तिचा रायगड पायऱ्या चढून आलेल्या नातवापेक्षा कमी होत नाही. आईवडिलांना घेऊन जात असाल तर खुशाल गाडीने जा, आणि परवडत असेल तर निळ्या गाडीनेही जा. फक्त खिडकीबाहेर बघताना लक्षात असू द्या की आपण राजाच्या जागी बसलोय, आणि हे गाव त्याच्यापेक्षा जास्त काळ इतरांचं होतं. वर पोचल्यावर सूर्यमंदिराबरोबर चाकरमान्यांच्या खडबडीत दगडांच्या साध्या खोल्याही बघा. डीएनए सांगतो ती माणसं तिथली.

चालणार असाल तर उत्तमच. पण बुकिंगच्या आधी कंपनीला किमतीबरोबर चार प्रश्न विचारा. पोर्टरांना दिवसाचे किती देता? वजन कोण तपासतं? त्यांचा विमा आहे का? ते झोपतात कुठे? नीट उत्तर येत नसेल तर दुसरी कंपनी बघा. आपण क्लायंटकडून एस्एलए लिहून घेतो, इथे काय लाजायचं? आणि खिसा हलका, सॅक स्वतःची असा अस्सल सह्याद्री बाणा असेल तर तिसरी वाटही आहे : हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत गाडीने, तिथून रुळांच्या कडेकडेने दहाएक किलोमीटर चालत आग्वास कालिएंतेस. ना पालखी, ना पोर्टर. डास मात्र भरपूर.

असो, बरंच लांबलं. इंका ट्रेल फेब्रुवारीत डागडुजीसाठी बंद असतो, तेव्हा तो महिना टाळा. परवाने काही महिने आधीच संपतात. आणि शेवटच्या दिवशी सगळे गोल उभे राहून बक्षिसीचं पाकीट फिरवतील, तेव्हा आर्तेआगाला १९११ साली रोजंदारीच्या तीन-चारपट मिळाले होते, एवढं आठवून हात खिशात घाला.